विश्लेषण : बोरी बुद्रुकचा नदीकाठ व्हीआर हेडसेटमध्ये आणणे इतके अवघड का?

जुन्नर तालुक्यातील शिवनेरी किल्ला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, गेमिंग आणि विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठी ‘एव्हीजीसी-एक्सआर’ धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतच्या या आराखड्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद आहे. व्हीआर, म्हणजेच आभासी वास्तव, हा याच क्षेत्राचा भाग. त्यामुळे वारसास्थळे व्हीआरमध्ये दाखवण्याच्या कल्पनेला बळ मिळेल. मात्र हेडसेट डोक्याला लावून प्रत्यक्ष कोड लिहिणाऱ्या डेव्हलपरपुढे वेगळेच प्रश्न उभे राहतात. शिवनेरीच्याच तालुक्यातील बोरी बुद्रुकच्या उदाहरणावरून ते नीट समजतात.

बोरी बुद्रुकमध्ये पाहण्यासारखे काय आहे?

कुकडी नदीच्या काठावरील गाळात येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळतो. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाने घडवलेली हातकुऱ्हाडीसारखी दगडी हत्यारे सापडली आहेत. ही राख दख्खनच्या ज्वालामुखीची नाही. सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून ती हवेबरोबर हजारो किलोमीटर वाहत आली, असे तिच्या रासायनिक घडणीवरून मानले जाते.

ती नेमकी कोणत्या उद्रेकाची, यावर मात्र अभ्यासकांत वाद आहे. सुरुवातीच्या चाचण्यांत तिचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले, पुढच्या चाचण्यांत सुमारे पावणेसात लाख. दुसरा गट ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या टोबाच्या महाउद्रेकाची मानतो. राखेचे वय बदलले की हत्यारांच्या वयाचा हिशेबही बदलतो. म्हणून हा थर जगभरच्या अभ्यासकांसाठी मोलाचा आहे. गावात आलेल्या पाहुण्याला मात्र तेथे फिकट रंगाच्या मातीपलीकडे फारसे काही दिसत नाही. व्हीआरची गरज नेमकी इथे आहे.

व्हीआर म्हणजे ३६० अंशांचा व्हिडिओच ना?

नाही. ३६० अंशांच्या व्हिडिओत प्रेक्षक एका जागी खिळलेला असतो. मान वळवली तर दृश्य बदलते, पण एक पाऊल पुढे टाकले तर काहीच होत नाही. खऱ्या व्हीआरमध्ये वाकले की थर जवळ येतो, बाजूला सरकले की दगडाची दुसरी बाजू दिसते. त्यासाठी डोक्याची प्रत्येक हालचाल मोजून दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळे चित्र क्षणोक्षणी नव्याने तयार करावे लागते. सेकंदाला ९० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी डेव्हलपरच्या हाती जेमतेम ११ मिलिसेकंद उरतात.

हा वेळेचा हिशेब इतका काटेकोर का?

याचे उत्तर ‘डूम’ या गेमचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांच्या कामात सापडते. २०१२ मध्ये त्यांनी पामर लकी या तरुणाने बनवलेल्या हेडसेटच्या नमुन्यावर आपला गेम चालवून दाखवला. त्याच नमुन्यातून पुढे ‘ऑक्युलस रिफ्ट’ साकारला आणि २०१४ मध्ये फेसबुकने दोन अब्ज डॉलरना ती कंपनी घेण्याचा करार केला. मान हलणे आणि चित्र बदलणे यांत विलंब किती चालतो, हा कारमॅक यांच्यापुढचा मुख्य प्रश्न होता. विलंब ५० मिलिसेकंद असला तरी दृश्य मागे रेंगाळल्यासारखे वाटते, तो २० मिलिसेकंदांखाली आणला तर सहसा जाणवत नाही, असे त्यांनी २०१३ मध्ये मांडले.

त्यावर त्यांनी सुचवलेला एक उपाय आज सर्रास वापरला जातो. चित्र तयार झाल्यावर, ते पडद्यावर जाण्याच्या अगदी आधी डोक्याची दिशा पुन्हा मोजायची आणि तयार चित्र तेवढेच सरकवायचे. नवे चित्र काढण्यापेक्षा हे फार स्वस्तात होते.

तरीही चक्कर का येते?

डोळे सांगतात की आपण चालतोय, कानातील तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण बसलोय. हा विसंवाद मळमळ घडवतो. बोरीचा नदीकाठ ड्रोनसारखा वरून घिरट्या घालत दाखवायचा मोह होईल. मोबाइलच्या पडद्यावर ते छान दिसेल, हेडसेटमध्ये मात्र अनेकांना पहिल्या मिनिटातच त्रास होईल. म्हणून डेव्हलपर प्रेक्षकाला चालवण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट नेऊन ठेवतात, किंवा हालचालीच्या वेळी दृश्याच्या कडा काळ्या करतात.

दुसरा त्रास डोळ्यांचा. भिंगांमुळे नजरेचा फोकस साधारण दीड-दोन मीटरवर स्थिर असतो. आभासी हातकुऱ्हाड नाकासमोर धरली तर दोन्ही डोळे आत वळतात, पण फोकस दूरच राहतो. थोड्याच वेळात डोळे थकतात. हत्यार जवळून पाहायचे तर ते मोठे करून हातभर अंतरावर ठेवणे हा सोपा मार्ग; मात्र खरा आकार केवढा, हे शेजारी दाखवावे लागते.

नदीकाठ संगणकात कसा आणतात?

एकाच जागेचे शेकडो फोटो वेगवेगळ्या कोनांतून काढतात. प्रत्येक फोटोचा बराचसा भाग आधीच्या फोटोतही यावा लागतो. त्यातील समान खुणा जुळवून सॉफ्टवेअर त्रिमितीय प्रतिकृती तयार करते. या पद्धतीला फोटोग्रॅमेट्री म्हणतात. इजिप्तमधील राणी नेफर्तारीची कबर याच प्रकारे व्हीआरमध्ये आणली गेली. पण कबरीत वारा नसतो. नदीकाठी पाने हलतात, पाणी चमकते, सावल्या सरकतात. हलत्या-चमकत्या गोष्टींचे फोटो जुळत नाहीत आणि मॉडेलमध्ये भोके पडतात. त्यामुळे ढगाळ पण कोरडा दिवस निवडणे, पाणी वेगळे तयार करून नंतर जोडणे आणि फोटोत मोजपट्टी ठेवणे ही कामे आधीच ठरवावी लागतात.

असे मॉडेल कोट्यवधी त्रिकोणांचे असते. स्वतंत्र चालणाऱ्या हेडसेटमध्ये मोबाइलच्या जातीची चिप असते, तिला ते पेलत नाही. डेव्हलपरचा मोठा वेळ हे मॉडेल हलके करण्यात जातो. राखेचा थर आणि हत्यारे बारकाईने ठेवायची, मागचे शेत मोजक्या त्रिकोणांत भागवायचे, अशी निवड करावी लागते. काय महत्त्वाचे हे पुरातत्त्वज्ञाला विचारल्याशिवाय ती करता येत नाही.

मराठीचा वेगळा प्रश्न कोणता?

व्हीआरसाठी युनिटी हे साधन मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यातील प्रचलित अक्षर-व्यवस्था देवनागरीची जोडणी नीट करत नाही. जोडाक्षरे सुटतात, ऱ्हस्व इकार अक्षराच्या पुढे जाऊन बसतो. ‘स्थिती’सारखा शब्दही विस्कटतो. मजकुराचे तयार चित्र लावणे किंवा वेगळी अक्षर-प्रणाली जोडणे हे यावरचे उपाय. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वेबएक्सआर पद्धतीत ब्राउझरकडूनच मराठी मजकूर उमटवून तो दृश्यात चिकटवता येतो.

अक्षरांचा आकारही पाहावा लागतो. क्वेस्ट ३ हेडसेटमध्ये दृष्टीच्या एका अंशात सुमारे २५ पिक्सेल बसतात. निरोगी डोळा साधारण ६० पर्यंतचा तपशील ओळखतो. बारीक अक्षरांचा माहितीफलक त्यामुळे वाचता येत नाही. मराठी आवाजात सांगितलेली माहिती अधिक उपयोगी पडते.

हेडसेट नसेल तर?

ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरना आला, मेटाचा क्वेस्ट ३एस त्याच वर्षी २९९ डॉलरना. दोन्हींतील दरी मोठी असली तरी गावच्या शाळेला स्वस्त हेडसेटही सहज परवडणारा नाही. शिवाय तो एका वेळी एकाच मुलाला वापरता येतो आणि मेटाच्या खात्यांसाठी किमान वय १० वर्षे आहे. गुगलने २०१४ मध्ये आणलेली पुठ्ठ्याची ‘कार्डबोर्ड’ पेटी स्वस्त होती. तिची विक्री २०२१ मध्ये थांबली, आराखडा मात्र खुला आहे. त्यात फोन फक्त मान वळवणे ओळखतो, पुढे-मागे सरकणे नाही. तेच मॉडेल साध्या मोबाइलच्या पडद्यावर बोटाने फिरवून पाहता यावे, अशी सोय केली तर ते सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचेल.

सर्वात मोठी जोखीम कोणती?

व्हीआर पटकन पटते. हेडसेटमध्ये ७४ हजार वर्षांपूर्वीची राख कोसळताना आणि तिच्याखाली हातकुऱ्हाड घेतलेला माणूस दिसला, की पाहणाऱ्याला तोच इतिहास वाटेल. प्रत्यक्षात वयाचा वाद मिटलेला नाही. लेखात ‘असे काही अभ्यासक मानतात’ हे एका वाक्यात सांगता येते. दृश्यात त्याची सोय मुद्दाम करावी लागते. एकाच थरासाठी तिन्ही वये निवडता येतील असे पर्याय देणे, मोजून घेतलेला भाग आणि कल्पनेने भरलेला भाग वेगळ्या रंगात दाखवणे, हे करता येण्यासारखे आहे.

कामाचा क्रम काय असावा?

हेडसेट काही वर्षांत जुने होतात. गुगलने डेड्रीम ही आपली व्हीआर योजना २०१९ मध्येच गुंडाळली. नदीकाठचा सुटा गाळ मात्र प्रत्येक पुरात थोडा झिजतो आणि गेलेला थर परत येत नाही. त्यामुळे फोटो, मोजमापे आणि नोंदी खुल्या स्वरूपात जपणे हे पहिले काम, देखणे ॲप हे नंतरचे. नव्या उपकरणासाठी जुन्या नोंदींवरून पुन्हा ॲप बांधता येते. अर्थात फोटोत फक्त पृष्ठभाग येतो. राखेचे वय ठरवायला लागणारा नमुना मूळ थरातूनच घ्यावा लागतो, म्हणून व्हीआर झाले तरी बोरीच्या काठाचे प्रत्यक्ष संरक्षण टळत नाही.