कर्करोगाचे उपचार संपल्यानंतर : नगर जिल्ह्यापुढील एक दुर्लक्षित प्रश्न

केंद्र शासनाने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांमध्ये येत्या तीन वर्षांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे उभारण्याचे जाहीर केले. त्यांपैकी दोनशे केंद्रे पहिल्याच वर्षी सुरू व्हावयाची होती. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कर्करोगाच्या उपचारांसाठी तीन स्तरांची रचना मंजूर केली. त्यातील अठरा रुग्णालयांच्या यादीत शिर्डी संस्थानच्या रुग्णालयाचाही समावेश आहे. केमोथेरपीच्या एका सलाईनसाठी पहाटे चार वाजता घर सोडून मध्यरात्री परतणाऱ्या माणसाला या घोषणेचे मोल सांगावे लागत नाही. आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर ही योजना प्रत्यक्षात उतरावी, अशीच सर्वांची इच्छा असणार.

तथापि या सर्व चर्चेत एका वर्गाचा उल्लेख क्वचितच आढळतो. ज्यांची शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, शेवटचे सलाईनही उतरले आणि ज्यांना डॉक्टरांनी ‘आता तीन महिन्यांनी दाखवा’ असे सांगून घरी पाठविले, त्यांचे पुढे काय होते? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण आढळले, तर मागील पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेल्यांची संख्या ३२ लाखांहून अधिक होती. यांतील काही जण अद्याप उपचार घेत असतील, परंतु अनेकांचे उपचार पूर्ण झालेले आहेत. त्यांच्यासाठी आपल्या भाषेत धड शब्दही रुळलेला नाही. ‘रुग्ण’ म्हणावे तर ते रुग्णालयात नाहीत. ‘निरोगी’ म्हणावे तर तसे खुद्द त्यांनाच वाटत नाही. वर्तमानपत्रे त्यांना ‘कर्करोगावर मात करणारे’ म्हणतात. हा शब्दप्रयोग सत्कारसमारंभास शोभणारा आहे. ज्याला रात्री मानेत बारीकशी गाठ लागल्याचा भास होऊन झोप येत नाही, त्याला तो फारसा उपयोगी पडत नाही.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा : सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्तार, चौदा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांवर लोकसंख्या. अकोल्याच्या डोंगरातला आदिवासी आणि जामखेडच्या माळावरला शेतकरी एकाच जिल्ह्याचे असले तरी त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. कर्करोगाचे निदान झाले की कोणी नाशिक गाठतो, कोणी पुणे, कोणी मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय; दक्षिणेकडील तालुक्यांतले लोक सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाकडे वळतात. उपचार कोठेही झाले तरी माणूस परततो तो गावाकडे, आणि त्याच्यासोबत येते ती इंग्रजीत लिहिलेली एक जाडजूड फाइल. ती फाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली जाते. गावच्या डॉक्टरांनी ती वाचलेली नसते. रुग्णाला तर ती वाचताच येत नाही.

या फाइलीत बरेच महत्त्वाचे असते. स्तनाच्या कर्करोगाचेच उदाहरण घ्यावे. शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला पुढे महिन्यांनी, कधी वर्षांनीही सूज येऊ शकते. डॉक्टर तिला लिम्फिडिमा म्हणतात. त्या हाताला झालेली साधी जखम चिघळू शकते, म्हणून काटाकुटा, विळा, चुलीचा चटका यांपासून त्याला जपावे लागते. आता ही भगिनी पाथर्डी वा जामखेड तालुक्यातील ऊसतोड कामगार असेल तर? उसाच्या पाल्याने हात कापतच असतात आणि मोळी डोक्यावर घेतल्यावाचून मजुरी मिळत नाही. ती श्रीरामपूर-राहाता भागातील असेल तर गोठ्यात दोन गाई असतील व दोन्ही वेळचे दूध तिलाच काढावयाचे असेल. ‘जड उचलू नका’ एवढा सल्ला तिच्या जगात निरर्थक ठरतो. पूर्वी असा सल्ला सरसकट दिला जाई. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र असे दिसले, की देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवीत केलेल्या व्यायामाने ही सूज वाढत नाही, उलट हाताची ताकद वाढते. म्हणजे तिला घरी बसविण्याची गरज नाही. कोणीतरी हळूहळू शिकविण्याची गरज आहे. शिकविणारे माणूस तालुक्याच्या गावी मिळणेही कठीण, हीच खरी अडचण.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. स्तनाच्या अनेक कर्करोगांत शस्त्रक्रियेनंतर टॅमॉक्सिफेन किंवा तत्सम गोळी रोज घ्यावी लागते, किमान पाच वर्षे आणि काहींच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंत. रोग उलटू नये म्हणून ती दिलेली असते. गोळी साधी, एवढीशी. सलाईनसारखा तिचा दरारा नाही. ‘बरी झाले, मग गोळी कशाला?’ अशा विचाराने, किंवा अंगात भडका उठतो म्हणून, किंवा घरातल्या पैशांची ओढाताण वाढते म्हणून ती मध्येच सोडून दिली जाते. मोठ्या शहरातला डॉक्टर हे पुढच्या तपासणीत विचारील, परंतु पुढची तपासणीच झाली नाही तर कोण विचारणार?

मुखाच्या कर्करोगाचा मार आपल्याकडे फार आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखू आणि आपल्या खेड्यांतील स्त्रियांची मिश्री यांवर ती नाही. शरद पवार यांच्यावर २००४ साली या रोगाचे उपचार झाले आणि त्यानंतरही ते दोन दशकांहून अधिक काळ सार्वजनिक जीवनात आहेत, हे उदाहरण लोक एकमेकांना सांगतात व ते धीर देणारेही आहे. परंतु सर्वसामान्य माणसाच्या वाट्याला पुढे काय येते, तेही सांगितले पाहिजे. जबडा आखडून तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, लाळ आटते, चव जाते, भाकरी दुधात कुस्करावी लागते. पंगतीत बसण्याची लाज वाटते म्हणून माणूस लग्नकार्याला जाणेच सोडतो. तोंड उघडण्याचे व्यायाम सोपे असतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांत धरून रोज एकेक काडी वाढविणे, हा त्यांतलाच एक. मात्र ते सुरुवातीपासून नेमाने केले तरच गुण येतो. आणखी एक बाब प्रत्येक घरात माहीत असावयास हवी : जबड्याला किरणोपचार झाले असतील तर दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला ते सांगितलेच पाहिजे. न सांगता दात काढल्यास जखम न भरता जबड्याचे हाड कुजू शकते. मानेला किरण दिलेल्यांमध्ये थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचा संभव असतो. येणारा थकवा हा आळस किंवा वय समजून वर्षे जातात, वस्तुतः रक्ताच्या एका तपासणीने कारण कळते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी धर्मगुरूने लिहावे का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. लिहिले पाहिजे असे आम्हांस वाटते. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. एकदाच केलेल्या विषाणूच्या तपासणीमुळे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे २००९ मध्ये जगापुढे आले. बार्शीच्या रुग्णालयाचा त्यात मोलाचा वाटा होता. याचा अर्थ, वेळीच सापडून बऱ्या होणाऱ्या स्त्रिया वाढत जाणार. या रोगासाठी किरणोपचार घेतलेल्या अनेक स्त्रियांना अकाली रजोनिवृत्ती येते, योनिमार्ग आकसतो, वैवाहिक संबंध वेदनामय होतात, लघवीच्या व शौचाच्या तक्रारी मागे राहतात. यांवर उपाय आहेत. परंतु पुरुष डॉक्टरला ती सांगत नाही, पतीशी बोलत नाही आणि सासूपुढे तर शब्दच काढत नाही. पती दुरावतो तेव्हा गाव म्हणते, ‘आजारपणामुळे’. विवाहविषयक मार्गदर्शन करणाऱ्या आपल्या संस्थांनी हा विषय कधी हाती घेतल्याचे ऐकिवात नाही.

शरीराच्या या तक्रारी निदान दाखविता तरी येतात. मनाचे तसे नाही. उपचार चालू असताना घरचे सोबत असतात, नातेवाईक भेटावयास येतात, गावात विचारपूस होते. उपचार संपले की सर्वांना हायसे वाटते आणि नेमक्या त्याच वेळी तो माणूस एकटा पडतो. ‘झाले ना आता बरे, उगाच काय विचार करतोस?’ हे वाक्य प्रेमानेच उच्चारलेले असते, पण त्याने तोंड बंद होते. प्रत्येक तपासणीच्या आधीचे पंधरा दिवस जिवाला घोर असतो. भीतीच्या पोटी काही जण तपासणीच टाळतात. त्यात कर्जाची भर : विकलेली गुरे, गहाण टाकलेले दागिने, सोसायटीची थकबाकी. माझ्यामुळे घर बुडाले, ही बोचणी घेऊन जगणारे पुरुष गप्प असतात म्हणून ते ठीक आहेत असे समजू नये. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही हे सांगूनसुद्धा भांडी वेगळी ठेवणारी घरे आहेत. मुलीचे लग्न जुळेपर्यंत आईचा आजार लपविणारी घरे तर कितीतरी. अशा मनःस्थितीत बोलण्यासाठी शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

जगात या प्रश्नाची जाणीव प्रथम एका रुग्ण-डॉक्टरने करून दिली. अमेरिकेतील डॉ. फिट्झह्यू मलन यांना स्वतःला कर्करोग झाला होता. उपचारांनंतरचा काळ हा रोगाचाच एक वेगळा टप्पा असून त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते, असे त्यांनी १९८५ साली लिहिले. वीस वर्षांनी, २००५ मध्ये, तेथील वैद्यकीय संस्थेच्या अहवालाने प्रत्येक रुग्णास उपचारांच्या अखेरीस एक लेखी आराखडा द्यावा, अशी शिफारस केली : कोणते उपचार झाले, पुढे कोणते त्रास संभवतात, कोणती तपासणी केव्हा व कोणी करावयाची. आपल्याकडे मुंबईही मागे नव्हती. टाटा रुग्णालयात बालपणीच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्यांसाठी १९९१ पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे. शस्त्रक्रियेनंतर पोटावर पिशवी लावून जगणाऱ्यांची संघटना तर १९७५ पासूनची. स्वतः या रोगातून गेलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये ‘व्ही केअर’ सुरू केले. ही सारी कामे आदरास पात्र आहेत, आणि ती सारी मुंबईत उभी राहिली. परळपासून पाथर्डी फार दूर आहे.

मुंबईची नक्कल नगरला करता येणार नाही, करावयाची गरजही नाही, कारण या जिल्ह्याचा स्वतःचा एक अनुभव आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येऊन शिकत, आणि गावी परतून शिकलेले वापरीत. प्रसूती, बालकांचे पोषण, क्षयरोग यांबरोबरच कुष्ठरोग्यांना गावातच औषध मिळावे व त्यांना घराने दूर लोटू नये, हे काम त्यांनी केले. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या दांपत्यास मिळाला, त्यामागे या स्त्रियांचे कष्ट होते. कुष्ठरोग्याला पुन्हा पंगतीत बसविणे ज्या जिल्ह्यात जमले, तेथे कर्करोगातून उठलेल्याची वेगळी थाळी उचलून ठेवणे का जमू नये? आज गावोगाव आशा सेविका आहेत. तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे संशयित शोधण्याचे काम त्यांच्याकडे आहेच. त्यांच्या कामाचा मुख्य रोख नवा रुग्ण शोधण्याकडे असतो. जुन्या रुग्णाची गोळी चालू आहे का, हात सुजला का, तपासणीची तारीख चुकली का, एवढे तीन प्रश्न विचारण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. अर्थात त्यासाठी वेगळे मानधनही द्यावे. आशांवर फुकटात आणखी एक ओझे टाकण्यास आमचा विरोध आहे.

पैशाचे काय? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली असून संरक्षणाची मर्यादा वर्षाला पाच लाख रुपये आहे. गरिबाला कर्करोगाचा उपचार शक्य झाला तो मुख्यतः अशा योजनांमुळे. परंतु तिची रचना मुळात रुग्णालयातील ठरावीक उपचारांच्या पॅकेजभोवती आहे. गावातून तपासणीला जाणारा सोबती, बुडालेली मजुरी, हाताला बांधावयाच्या दाबपट्ट्या, समुपदेशकाशी घालविलेला अर्धा तास, असल्या खर्चांचा विचार अशा पॅकेजमध्ये सहजी होत नाही. शिर्डीच्या केंद्राचे नियोजन होत असतानाच तेथे आठवड्यातून एक दिवस उपचार पूर्ण झालेल्यांसाठी राखावा, त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक व एक स्त्री डॉक्टर हजर असावी, आणि कोठेही उपचार झाले असले तरी जिल्ह्यातील प्रत्येक रुग्णास एका पानाचा मराठी आराखडा मिळावा, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे आताच करावयास हवी. इमारत उभी राहिल्यावर असल्या गोष्टींना जागा उरत नाही.

आपल्या धर्मग्रामांबाबतही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आजाऱ्याचे नाव रविवारच्या प्रार्थनेत घेतले जाते. उपचार संपले की ते यादीतून निघते आणि भेटीही थांबतात. मरणासन्नांसाठी आपल्या समाजाने थोडे काम केले आहे. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून धर्मभगिनींच्या सेवेने चालते आणि ते देशातील या प्रकारचे पहिले सदन होय. जगणाऱ्यांसाठी तसे काही नाही. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग केवळ मरणाच्या दारातील माणसासाठी नाही, हे १९७२ च्या सुधारणेने स्पष्ट केले. तरीही फादर घरी आले की शेवट जवळ आला, असे समजणारे पुष्कळ आहेत. महिला मंडळाने तपासणीच्या दिवशी सोबतीला एक जण पाठविले तरी पुष्कळ होईल.

आणि जाता जाता एक व्यवहाराची माहिती. कर्करुग्णांना मिळणारी रेल्वेची सवलत केवळ उपचारांपुरती नसून नियमित तपासणीच्या प्रवासासही लागू आहे. शयनयान व थ्री टिअर वातानुकूलित डब्यांत रुग्णाला भाडे पडत नाही, सोबतच्या व्यक्तीलाही भाड्यात पाऊणपट सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. फाइल घेऊन घरी निघण्यापूर्वीच ते मागून घ्यावे.