टाकीची परीक्षा रोज, विहिरीची कधी?

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली मरीन ड्राइव्हवर उभे राहिले, तेव्हा अरबी समुद्र त्याच्या दाराशीच होता; परंतु जळगावात किंवा धुळ्यात ज्या गृहस्थाला दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याचे मासे पाळण्याची हौस येते, त्याला समुद्र आधी घरीच तयार करावा लागतो, आणि तो करताना त्याच्या अंगी जी शिस्त बाणते ती आपल्या जिल्ह्यांच्या सार्वजनिक व्यवहारात का दिसू नये, असा माझा सवाल आहे.

आरओच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम समुद्री मीठ विरघळवायचे, विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास आणायचे, वाळू व सच्छिद्र खडक मांडायचे, आणि मग एकही मासा न सोडता चार ते सहा आठवडे रिकाम्या पाण्याकडे पाहत बसायचे. अननुभवी माणसाचा धीर सुटतो तो येथेच. हौशी मंडळी याला ‘टँक सायकल होणे’ म्हणतात. पाण्यात मुद्दाम घातलेल्या अमोनियावर एका जातीचे जीवाणू पोसले जाऊन त्याचे नायट्राइट करतात, आणि मागाहून, अगदी सावकाश, दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, जे माशांना पुष्कळच सौम्य असते. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. म्हणून काचेच्या नळीत 5 मिलिलिटर पाणी घ्यायचे, त्यात थेंब मोजून औषध टाकायचे, रंग पट्टिकेशी ताडून पाहायचा आणि आकडा तारीखवार वहीत उतरवायचा. नायट्रेटच्या परीक्षेतील दुसऱ्या बाटलीचे औषध तळाशी बसते. ती खडखडून हलवण्याचा ज्याला कंटाळा, त्याला ती पट्टिका बेलाशक निर्दोषत्वाचा खोटा दाखला देते. त्यातून वैशाखात आमच्याकडे पारा 45 अंशांवर चढला की टाकीतले पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते आणि खारटपणा वाढतो. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्याची नव्हे.

हे जीवाणू केवळ श्रीमंतांच्या टाकीतले पाहुणे आहेत असे मात्र कोणी समजू नये. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास झुरिच येथे असे जीवाणू प्रथम वेगळे काढले ते साध्या मातीतूनच, आणि रावेर-यावलच्या काळ्या जमिनीत, ठिबकच्या नळीतून केळीच्या मुळाशी जाणाऱ्या युरियावर, हेच कार्य अहोरात्र चाललेले असते. फरक इतकाच की टाकीत साठलेले नायट्रेट पाणी बदलून काढता येते. शेतातले नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहत नाही, झाडाने घेतले नाही तेवढे पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीत उतरते. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटचे प्रमाण अधिक असलेल्या देशातील ज्या 15 जिल्ह्यांची नावे आली, त्यांत जळगाव आहे. दोष एकट्या केळीवाल्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण उकिरडे, गोठे आणि शोषखड्डे यांचाही यात वाटा असतो.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. 1945 साली हंटर कॉम्ली या अमेरिकन डॉक्टराने दाखवून दिले की अशा विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधाने तान्ह्या मुलांचे रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते आणि मूल निळे पडते. पाणी उकळून घेण्याचा घरगुती उपाय येथे उलटाच पडतो. वाफ निघून जाते, नायट्रेट राहते आणि अधिकच दाट होते.

जलजीवन योजनेत गावोगावी स्त्रियांना तपासणीची पेटी वापरण्यास शिकवण्याची तजवीज आहे, आणि ती स्तुत्यच आहे. परंतु मळ्यातली खासगी विहीर नळयोजनेच्या दप्तरात येत नाही, आणि सालदाराचे कुटुंब पाणी पिते ते तिचेच. माझे म्हणणे असे की ग्रामपंचायतीने अशा विहिरींचीही परीक्षा पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा करवावी, आणि विहीरवार आकडे, तारखेसह, चावडीवरच्या फळ्यावर लावावेत. तालुक्याच्या कपाटात ते निजून राहिले तर कोणालाच उपयोगी नाहीत.

मालक विचारील, यात माझा लाभ काय? लाभ रोकडा आहे. ज्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट आहे, त्यात सुमारे 10 मिलिग्रॅम नत्र असते. म्हणजे असे 10 लाख लिटर पाणी बागेला दिले की सुमारे 10 किलो नत्र फुकट पडते, आणि 45 किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र भरते अवघे 20-21 किलो. केळीला एकरी वर्षाकाठी याच्या कितीतरी पट पाणी लागते. विहिरीत आधीच जमा असलेले हे नत्र हिशेबात न धरता जो गोणीमागून गोणी उचलतो, तो एकाच मालाचे दाम दोनदा मोजतो, आणि वर सालदाराच्या पोराच्या दुधात भर घालतो.