न्यायाची पायरी आणि लोकांची शक्ती

वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्या आदिवासींना जमिनीवरून हटवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला. त्याआधी वर्षभरापूर्वीच, मार्च २०१८ मध्ये, नाशिक जिल्ह्यातील आदिवासी व शेतकरी हजारोंच्या संख्येने मुंबईपर्यंत पायी गेले होते आणि २००६ च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध देशभर निषेध उठला, केंद्र सरकारला न्यायालयात धाव घ्यावी लागली आणि २८ फेब्रुवारीस आदेशाला स्थगिती मिळाली. या पंधरवड्याने एक जुना प्रश्न पुन्हा उभा केला : न्यायालय हे शोषितांचे आश्रयस्थान की प्रस्थापितांचा किल्ला?

या प्रश्नाला चळवळीत दोन ठरीव उत्तरे दिली जातात. एक भाबडे : न्यायालय सर्व काही देईल. दुसरे उतावळे : न्यायालयाकडून काहीच मिळणार नाही. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, हे अमेरिकेच्या संघीय न्यायव्यवस्थेचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते.

अमेरिकेच्या संविधानाने सर्वोच्च न्यायालयाची तरतूद केली. त्याखालील संघीय न्यायालये १७८९ च्या कायद्याने उभी राहिली. राज्यांची न्यायालये वेगळी आणि संघाची वेगळी, अशी दुहेरी रचना तेथे आजही आहे. संघीय न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सेनेटच्या संमतीने करतात व ती तहहयात असते. संविधानविरोधी कायदा रद्द ठरविण्याचा अधिकार मात्र संविधानात स्पष्ट शब्दांत लिहिलेला नव्हता. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात प्रस्थापित केला. भारताने दुहेरी रचना स्वीकारली नाही. संघराज्य असूनही न्यायव्यवस्था एकसंध राहील, हे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट केले. म्हणूनच नाशिकचा दावा जिल्हा न्यायालयातून मुंबईस आणि तेथून दिल्लीस, असा एकाच जिन्याने वर चढतो.

परंतु मार्शल यांनी मिळविलेला अधिकार पुढे कोणाच्या उपयोगी पडला? १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही. हा कलंक न्यायालयाने स्वतःहून पुसला नाही. त्यासाठी यादवी युद्ध आणि घटनादुरुस्त्या व्हाव्या लागल्या. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेला, तेथील न्यायासनाला नव्हे. कामगारांचा अनुभवही निराळा नाही. बेकरी कामगारांच्या कामाचे तास दिवसाला दहापर्यंत मर्यादित करणारा न्यूयॉर्क राज्याचा कायदा १९०५ साली ‘कराराच्या स्वातंत्र्या’च्या नावाखाली रद्द झाला. उपाशी कामगार आणि धनाढ्य मालक यांच्यातील करार स्वतंत्र कसा, हा प्रश्न त्या निकालाने मागेच ठेवला. १९३७ साली त्याच न्यायालयाने किमान वेतनाचा कायदा वैध ठरविला. मधल्या काळात महामंदी येऊन गेली होती आणि रूझवेल्ट प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून आले होते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा निकाल याच न्यायालयाने दिला. मात्र १९५७ साली लिट्ल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचविण्यासाठी लष्कर पाठवावे लागले आणि नागरी हक्कांचा कायदा यावयास १९६४ साल उजाडले. मधली दहा वर्षे लोक रस्त्यावर लढत होते. शिवाय, दिलेले काढूनही घेतले जाते : १९७३ साली मान्य झालेला गर्भपाताचा संवैधानिक हक्क २०२२ साली त्याच न्यायालयाने नाकारला.

महाराष्ट्राचा अनुभव हेच सांगतो. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ साली दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. एक ओंजळ पाण्याच्या हक्कावर कायद्याची मोहोर उमटण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. नाशिकने दुसरा मार्ग धरला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सनातन्यांची दगडफेक व सरकारचा तुरुंगवास सोसून तो वर्षानुवर्षे चालविला. दार तेव्हा उघडले नाही. पुढे १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. मंदिरप्रवेशाला कायद्याचा आधार मिळाला तो १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने. तो कायदा विधिमंडळात झाला, पण त्याची भूमी गोदाकाठच्या सत्याग्रहींनी तयार केली होती.

तेव्हा न्यायालयाला देव मानू नये आणि त्याकडे पाठही फिरवू नये. न्यायाधीशांचे स्वातंत्र्य हे श्रमिकांच्याही हिताचे आहे, कारण सत्ताधाऱ्यांना विचारलेला जाब ऐकून घेणारे ठिकाण तेच आहे. आणीबाणीत मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची बाजू ऐकली आणि १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ते दार बंद केले, तेव्हा न्या. हंसराज खन्ना यांचे एकट्याचे भिन्न मत देशाच्या विवेकाची साक्ष ठरले. परंतु केवळ अशा एका मताच्या भरवशावर कोणतीही चळवळ राहू शकत नाही.

दावा फेटाळल्याची लेखी कारणे मागणे, अपिलाची मुदत पाळणे, ग्रामसभेचा ठराव नीट लिहून ठेवणे ही कामे कार्यकर्त्यास रुक्ष वाटतात. त्यांच्यावाचून मोर्चाचा आवाज न्यायासनापर्यंत पोहोचत नाही, आणि मोर्चावाचून ते कागद कपाटातच राहतात. डोंगरपाड्यावरचा कार्यकर्ता एका हाती दाव्याची फाइल आणि दुसऱ्या हाती संघटनेचा झेंडा घेऊन उभा राहील, तेव्हाच कायद्यात लिहिलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर चढेल.