डबीवरचे ‘व्हेज’ म्हणजे भाजी नव्हे

गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात एक ताई तपासणीसाठी आल्या. वय सेहेचाळीस, रक्तदाब वाढलेला, वजनही जास्त. तीन महिन्यांपूर्वी मी त्यांना सांगितले होते, ‘‘रात्री एक भाकरी कमी करा आणि त्या जागी काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो भरपूर खा.’’ त्यांनी ते मनापासून पाळले होते. तरीही वजन सव्वा किलोने वाढलेले आणि रक्तदाब होता तिथेच. पेशंट काहीतरी लपवतो आहे, असे मला वाटले. आम्हा डॉक्टरांना ही वाईट खोड असते.

‘‘नुसती काकडी घशाखाली उतरत नाही हो डॉक्टरसाहेब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मुलगा ते डिप आणतो, त्यात बुडवून खाते. पण ते भाजीचंच आहे. वर ‘व्हेज’ लिहिलंय की!’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती डबी आणून दाखवली. वर पालकाच्या टवटवीत पानांचे चित्र, आत फिक्कट हिरवा, सायीसारखा दाट पदार्थ. मी चष्मा पुसून मागची बारीक अक्षरे वाचू लागलो. वाचकहो, एक नियम ध्यानात ठेवा. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते; जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. या यादीत पहिले नाव होते खाद्य वनस्पती तेलाचे. मग पाणी, साखर, मीठ, दाटपणा आणणारे पदार्थ, आणि पार शेवटाकडे पालकाची भुकटी!

म्हणजे हा सायीसारखा दिसणारा पदार्थ साय नव्हेच. तेल आणि पाणी एरवी एकमेकांत मिसळत नाहीत. पण तेलाचे अगदी सूक्ष्म थेंब करून ते पाण्यात घोटले की पांढरे, दाट मिश्रण तयार होते. ते फुटू नये म्हणून अंड्याचा बलक घालतात. बिनअंड्याच्या प्रकारात दूध पावडर, सोयाबीनचे प्रथिन किंवा स्टार्च घालतात. आपल्याकडे ‘व्हेज’ आणि हिरवा ठिपका यांचा अर्थ एवढाच, की आत मांस, मासे, अंडे नाही. आत भाजी आहे, असे तो ठिपका कधीच सांगत नाही. कंपनी खोटे बोलली नव्हती. ताईंनीही चूक केली नव्हती. कशाबरोबर खाणार, हे मीच विचारले नव्हते.

आता हिशेब पाहू. त्या डबीवर शंभर ग्रॅममागे ४८ ग्रॅम स्निग्ध पदार्थ छापले होते आणि प्रथिने जेमतेम एक ग्रॅम. एक ग्रॅम स्निग्धातून ९ उष्मांक मिळतात; पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांतून ४. सगळे धरून शंभर ग्रॅमला सुमारे ४७५ उष्मांक झाले. ताई रोज चार मोठे चमचे, म्हणजे साठेक ग्रॅम घेत. उष्मांक २८५! पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी सुमारे १७५ उष्मांकांची होते आणि तीतून पाचेक ग्रॅम प्रथिनेही मिळतात. भाकरी सोडून बाईंनी जवळजवळ सहा चहाचे चमचे तेल पत्करले होते, आणि काकडी-गाजराचे उष्मांक त्यापुढे मोजण्याजोगेही नव्हते.

मिठाची गोष्ट अधिक वाईट. लेबलवर मीठ नसते, सोडियम असते. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम होते. साठ ग्रॅममध्ये १.२ ग्रॅम मीठ. दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले जवळपास पाव एका बुडवणीत गेले. लोणचे, पापड अजून ताटात यायचेच आहेत.

याचा अर्थ तेल विषासमान, असे मात्र मी म्हणणार नाही. गाजर-पालकातले कॅरोटीन शरीरात शोषले जायला थोडी स्निग्धता लागतेच; कोशिंबिरीवर फोडणी घालणाऱ्या आपल्या आज्या काही वेड्या नव्हत्या. प्रश्न एका चमच्याचा की सहा चमच्यांचा, एवढाच आहे. आणि आपण खान्देशकरांनी या बाबतीत फार तोऱ्यात बोलू नये. पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत मला स्वतःला अतिशय प्रिय. वांगे शंभर ग्रॅमला अवघे चोवीस उष्मांकांचे. पण शेतातल्या भरीत पार्टीत वर तरंगणारे तेल पाहिले की त्या वांग्याची कीव येते. फरक इतकाच, की ते तेल डोळ्यांना दिसते.

ताईंना मी दुसरा मार्ग सुचवला. गाईच्या दुधाचे दोनशे ग्रॅम दही तासभर फडक्यात टांगावे. मूठभर पालक उकळत्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून बारीक चिरावा. त्यात लसणाची पाकळी ठेचून, जिरेपूड, मिरपूड आणि चिमूटभर मीठ घालून दह्यात फेटावे. वर एक चहाचा चमचा तेलाची फोडणी. दह्यातून १२०, पालकातून १३ आणि तेलातून ४५, असे सगळ्याचे मिळून १८० च्या आत उष्मांक होतात आणि ते दोघांना पुरते. शिवाय सुमारे सहा ग्रॅम प्रथिने आणि बऱ्यापैकी कॅल्शियम. दही म्हशीच्या दुधाचे असेल तर साय आधी काढून घ्यावी. फडक्यातून निथळलेले पाणी ओतून देऊ नये. त्यातही प्रथिने आणि कॅल्शियम उतरलेले असते, त्यात पीठ भिजवावे.

महिन्याभराने त्या पुन्हा आल्या, तेव्हा वजन सातशे ग्रॅमने उतरले होते. रक्तदाबाची गोळी मी अजून चालूच ठेवली आहे. सासूबाईंनी मात्र त्या वाटीकडे पाहून विचारले म्हणे, ‘‘पालकाच्या कोशिंबिरीसाठी एवढ्या लांब डॉक्टरकडे जायला लागलं होय?’’