दोष देणारे पुष्कळ, सोबतीला कोण?

एखाद्या मुलाने शाळा सोडली, एखादी मुलगी न सांगता घरातून निघून गेली, की धर्मग्रामात निकाल तत्काळ लागतो : ‘आईबापांचे लक्ष नाही.’ चर्चच्या पायऱ्यांवर हेच ऐकू येते आणि प्रवचनपीठावरूनही हेच. हा निकाल अन्यायाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याच्या समर्थनार्थ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा दाखला दिला जातो. आईवडील हे मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या १९६५ च्या जाहीरनाम्यात परिषदेने म्हटले, हे खरे. परंतु त्याच जाहीरनाम्यात, कुटुंबाच्या या कार्याला साऱ्या समाजाचे साहाय्य हवे, असेही म्हटले आहे. पहिले वाक्य घोकायचे आणि दुसरे गिळायचे, ही कोणती परिषदनिष्ठा? ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेचे १०६३ वे कलम तर विवाहापूर्वीची तयारी आणि विवाहानंतरचे साहाय्य, या दोहोंची जबाबदारी धर्मगुरूंवर टाकते. पहिली जबाबदारी शिबिरात उरकली जाते. दुसरी बहुधा कागदावरच राहते.

‘आमच्या आईवडिलांनी सहा-सहा मुले वाढवली, त्यांना कोणी सल्ला दिला होता?’ असे वडीलधारे विचारतात. त्यांना सल्ला मागावा लागत नव्हता, कारण ते एकटे नव्हते. वसईच्या वाड्यांत चुली वेगळ्या असल्या तरी अंगण एक असे. मूल तापले तर आजी उशाशी बसे. मूल खोटे बोलले तर काका कान धरी. आज कित्येक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत. आई आणि वडील दोघेही सकाळची लोकल गाठतात, दिवस मावळल्यावर परततात. मधल्या वेळात मूल मोबाइलच्या स्वाधीन असते. अंगण गेले, आणि अंगणाचे सारे काम दोन थकलेल्या माणसांच्या माथी आले.

संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेममध्ये मागे राहतो. मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून जातात, कारण मुलगा नातलगांत व सोबत्यांत असेल, असा त्यांना भरवसा असतो. पवित्र कुटुंबालाही जथ्याचा आधार होता! आणि मुलगा दिसेना तेव्हा त्यांनी पहिला शोध त्या आप्तांत व ओळखीच्यांत घेतला. आजच्या आईबापांनी कोणाला विचारावे? जथा विखुरला आहे. शिल्लक आहेत ते बोट दाखवणारे.

कोणी म्हणतील, घरातले बाहेर काढू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. परंतु या मुठीत मूल गुदमरत असेल, तर ती उघडलीच पाहिजे. मात्र उघडणाऱ्याची बदनामी होणार नाही, ही हमी धर्मग्रामाने द्यावी.

आमचे मागणे अवाजवी नाही. रविवारी मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात बसतात, तेव्हा त्यांचे पालक बाहेर मोटारसायकलींवर ताटकळत असतात आणि सभागृह बहुधा रिकामे असते. महिन्यातून एकदा तो तास पालकांना द्यावा. तेथे प्रवचन नको. मूल वाढवण्याचा अनुभव आम्हा धर्मगुरूंना नाही. ज्यांची मुले मोठी झाली आहेत, अशा आयाबापांनी बोलावे आणि ऐकावे. धर्ममातापित्यांनी स्नानसंस्काराच्या दिवशी सोनसाखळी घालून मोकळे न होता या तासाला यावे. जिथे प्रश्न अनुभवापलीकडचा असेल, तिथे प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि त्याच्या खोलीचे दार कार्यालयाच्या रांगेसमोर उघडणारे नसावे. संकटातील मुलांसाठी १९९६ साली मुंबईतून सुरू झालेला १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून असलेला १४४१६, हे दोन दूरध्वनी क्रमांक सूचनाफलकावर कायम लावावेत.

खर्चाची सबब सांगू नये. सणाच्या रोषणाईला आणि बँडला पैसा कमी पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. स्नानसंस्काराच्या वेळी आईबापांना साहाय्य करण्यास तयार आहात काय, असे धर्ममातापित्यांना विचारले जाते, आणि मूल स्वीकारते ती संपूर्ण ख्रिस्तसभा. त्या दिवशी ज्यांनी होकार दिला आणि ज्यांनी आमेन म्हटले, त्यांनी पंधरा वर्षांनी केवळ न्यायाधीश होऊन यावे, हे शोभत नाही. निकाल देण्यापूर्वी त्या घराचे दार एकदा तरी ठोठावले होते काय, एवढेच प्रत्येकाने स्वतःला विचारावे.