क्लच बदलला, तरी जीप थरथरतेच

मिरजेहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. घरात सासऱ्यांच्या काळची फोर व्हील ड्राइव्ह जीप आहे. शेतावर तीच, लग्नकार्यालाही तीच. गेल्या वर्षी गाडी उचलताना खालून ‘टक्‌’ असा आवाज येऊ लागला. गॅरेजमध्ये क्लच बदलून दिला. आवाज गेला नाहीच, उलट ताशी ५० ते ६०च्या दरम्यान सगळी गाडी थरथरू लागली. मग टायर बदलले. फरक शून्य. आता गिअरबॉक्स खोलायचा सल्ला मिळाला आहे. नवरा म्हणतो विकून टाकू, दीर म्हणतात अशीच चालेल. आणि ईदनंतर सगळ्यांना घेऊन आंबा घाटातून रत्नागिरीला जायचं ठरलं आहे. जावं का, असा त्यांचा प्रश्न.

उत्तर आधीच देतो. कारण सापडेपर्यंत या गाडीने घाटात जाऊ नका. आणि गिअरबॉक्सही इतक्यात खोलू नका.

इंजिनापासून चाकापर्यंत ताकद जाण्याची वाट लांब असते. क्लच, गिअरबॉक्स, त्याच्या मागे ताकद पुढे-मागे वाटून देणारी ट्रान्सफर केस, मग शाफ्ट, मग डिफरन्शियल, मग ॲक्सल. फोर व्हीलमध्ये शाफ्ट दोन, डिफरन्शियल दोन. बिघाड कुठेही असला तरी हादरा बसतो सीटलाच. म्हणून ‘गाडी थरथरते’ एवढंच मिस्त्रीला सांगून भागत नाही. थरथर कशाच्या मागे धावते ते सांगावं लागतं.

त्यासाठी हत्यार लागत नाही. गाडी जागेवर उभी करून रेस वाढवा. तिथेच थरथरली तर दोष इंजिनात, त्याच्या रबरी माउंटिंगमध्ये किंवा क्लचमध्ये. जागेवर शांत असेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाला थरथर येते तो वेग गाठा आणि गिअर न्यूट्रलला काढा. इंजिन चालूच ठेवा, चावीला हात लावू नका. इंजिनाचा आवाज खाली येईल. थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच निर्दोष सुटले. उतारावर हा प्रयोग कधीही करू नये.

पत्रात या बहिणीने एक गोष्ट फार नीट टिपली आहे. स्टिअरिंग हलत नाही, पण पायाखालचा पत्रा मुंग्या आल्यासारखा होतो. हा धागा हिशेबाने पकडता येतो. १६ इंची रिमचा जुना जीपचा टायर एका फेरीत सव्वादोन मीटरच्या आसपास जातो. ताशी ५५च्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास सात फेऱ्या मारतं. चाकाचा बॅलन्स गेला तर हादरे असे मोजता येण्याजोगे, थड-थड येतात, आणि पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग हातात नाचतं. शाफ्ट मात्र चाकाच्या साधारण पाचपट फिरतो, म्हणजे सेकंदाला तीस-पस्तीस वेळा. ते मोजता येत नाही, नुसती गुणगुण जाणवते. मुंग्या येणं हे शाफ्टचं लक्षण आहे. टायरचे पैसे वाया गेले ते इथे.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, चार टोकांना चार कप, कपात बारीक सुया. पाटे खड्ड्यात वर-खाली होतात तेव्हा शाफ्टला कोनात फिरू देणं हे त्याचं काम. कल्पना जुनी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तेराव्या शतकातली, दमास्कसला घडवलेली पितळेची गोल धूपदाणी आहे. तिच्या पोटात एकात एक कड्या अशा बसवल्या आहेत की गोळा कसाही फिरवला तरी निखाऱ्याची वाटी सरळच राहते. जीपचा क्रॉस त्याच कुळातला.

क्रॉसमध्ये ग्रीस संपलं की आधी हळू वेगात चिव-चिव ऐकू येते. मग सुया झिजतात, कपाच्या तोंडाशी तांबूस भुकटी दिसते, आणि गाडी उचलताना किंवा ॲक्सिलेटर सोडून पुन्हा देताना ‘टक्‌’ होतो. पत्रातला मूळ आवाज हाच असावा. बघायला दोन मिनिटं लागतात. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक खाली. मग शाफ्ट हाताने उलटसुलट पिळा आणि क्रॉसवर नजर ठेवा. शाफ्ट हलतो पण पलीकडचा भाग थांबून हलतो, असं दिसलं तर क्रॉस गेला.

मग क्लच बदलल्यावर थरथर का सुरू झाली? क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि त्याआधी शाफ्ट. शाफ्ट मधे दातेरी नळीत सरकणारा, दोन तुकड्यांचा असतो. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेरीत शाफ्टला दोनदा पुढे ढकलतो, दोनदा मागे ओढतो. पहिल्या क्रॉसने चढवलेलं हे देणं दुसरा फेडतो, पण दोन्ही टोकांचे कान एका रेषेत असले तरच. तुकडे वेगळे झाले आणि बसवताना दोन-चार दाते चुकले, तर फेड होत नाही आणि गाडी मुंग्या आणते. कंपनीने बहुतेक शाफ्टवर बाणाच्या खुणा केलेल्या असतात. चाळीस वर्षांच्या चिखलाखाली त्या दिसत नाहीत, म्हणून शाहणा मिस्त्री खोलण्याआधी खडूने नवी खूण करतो. माझा संशय इथेच आहे. दुरुस्तीचा खर्च एका क्रॉसचा आणि तासाभराच्या मजुरीचा.

खोलण्याआधी शाफ्ट धुवून मात्र घ्या. उसाच्या रानातली काळी माती वाळून एका बाजूला चिकटली तरी बॅलन्स जातो. शाफ्टवर बॅलन्ससाठी जोडलेली छोटी पट्टी गळून पडली आहे का, तेही पाहा. आणि एक इशारा. विलीजच्या घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट उतरवला की हँडब्रेक ओढूनही गाडी घरंगळते. दगड लावल्याशिवाय कुणालाही खाली जाऊ देऊ नका.

दीर म्हणतात अशीच चालेल, त्यांच्यासाठी सांगतो. धावत्या गाडीत शाफ्टचा पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं आणि गाडी उचलून फेकली जाऊ शकते.

मिरजेत कानाचं महत्त्व मी काय सांगावं? तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी इथे सतार-तंबोरे घडवायला घेतले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. घोडीवर तारेखाली कणभर घासून जवारी लावतात ती कानावरच. गाडीलाही असाच कान द्यावा. जुन्या जीपची ट्रान्सफर केस जन्मापासून गुणगुणते, त्यात दोष नाही. जो आवाज कालपर्यंत नव्हता, तो ऐकायचा.

डिफरन्शियलचा आवाज ओढताना आणि सोडताना बदलतो. चढाला ओढताना हुंकार आणि पाय काढला की शांत, किंवा नेमकं उलट, असं असेल तर क्राऊन-पिनियन आणि पिनियनचं बेअरिंग तपासावं. चाकाच्या बेअरिंगचा हुंकार वळणावर बदलतो. उजवीकडे वळताना वाढला तर बहुधा डाव्या बाजूचं बेअरिंग, कारण भार तिकडे जातो. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांचं डिफरन्शियलचं ऑईल कधी पाहिलंच नसेल तर आज पाहा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे.

आणि फोर व्हील घालून डांबरी रस्त्यावर फिरू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. या गाड्यांत तो फरक सोडवायला मधे काही नसतं, म्हणून शाफ्ट पिळले जातात, स्टिअरिंग जड होतं आणि फोर व्हीलचा दांडा निघत नाही. तसं झालं तर चार-पाच मीटर सरळ मागे घ्या, पीळ सुटतो. शेतातून बाहेर आल्यावर दांडा काढायचा राहून जातो, हे घराघरात घडतं.

नवरा विकायचं म्हणतो त्याबद्दलही बोललं पाहिजे. डिफरन्शियलमध्ये फार जाड ऑईल किंवा लाकडाचा भुसा टाकून गिऱ्हाइकापुरता आवाज दाबायची लबाडी बाजारात जुनी आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतलं ओलं धान्य बाहेर काढणाऱ्या पैगंबर साहेबांचा (स.) प्रसंग आपल्याला पाठ आहे. ऐब लपवून केलेल्या सौद्यात घेणाऱ्याला माल परत करायचा हक्क शरीअत देते. गाडी विका, पण क्रॉस दाखवून विका. माझं मत विचाराल तर विकूच नका. एवढ्याशा कामासाठी चांगली जीप स्वस्तात जाईल.

मिस्त्रीला इतकंच सांगा: शाफ्ट उतरवा, दोन्ही क्रॉस पाहा, कान एका रेषेत आहेत का बघा. नवा क्रॉस बसवला तर चारही कपांतून ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीसगन मारायला लावा. पाट्यांचे यू-बोल्ट ढिले नाहीत ना, हेही त्याच वेळी बघून घ्या, कारण ॲक्सल सरकला की शाफ्टचा कोन बिघडतो. मग पंढरपूर रस्त्याला पन्नास-साठच्या वेगाने एक फेरी मारा. परत आल्यावर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि दोन-चारशे किलोमीटर झाल्यावर आणखी एकदा. रत्नागिरीची तारीख त्यानंतर धरा, इन्शाअल्लाह.