आणणारा मोठा की जगविणारा?

पाहुण्याला पाटावर बसविणे सोपे. त्याला घरचा करून घेणे अवघड. फुलझाडांचेही तसेच आहे. १८४८-४९ मध्ये सिक्कीमचे डोंगर पालथे घालून रोडोडेंड्रॉनच्या नव्या नव्या जाती विलायतेस धाडणाऱ्या जोसेफ हूकरचे गोडवे मीही पुष्कळ गायिलो. त्याची योग्यता वादातीत आहे. पण सगळी आरती आणणाऱ्यालाच का?

आपला हिमालयातला बुरांश ब्रिटनच्या ओलसर, सौम्य हवेत रमला. फिनलंडच्या हेलसिंकी शहरात मात्र तो हिवाळा काढू शकत नाही. ‘डोंगरचे झाड, त्याला थंडीचे काय भय?’ असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. अहो, तेथे नुसती थंडीच मारीत नाही. हिवाळा सरताना ऊन पानांतले पाणी ओढते आणि मुळे गोठलेल्या मातीत तहानलेलीच राहतात!

तेथल्या विद्यापीठाने १९७३ पासून कोरियाच्या डोंगरातली एक काटक जात हाताशी धरली, देखण्या जातींशी तिचा संकर केला आणि हजारो रोपे थंडीच्या स्वाधीन केली. जी तगली, तीच पुढे नेली. हागा भागात, पाइनच्या सावलीत, आम्लधर्मी मातीत १९७५ पासून ही परीक्षा चालली. उणे ३० अंशांची थंडी सोसून तेथे आज दर जूनमध्ये फुलांची दिवाळी असते.

शोधणाऱ्याला हार जरूर घाला. पण मेलेली रोपे उपटून पुन्हा बी पेरणाऱ्या माळ्याच्या नावाने यंदा एक पणती लावाल ना?